पाळी गेल्यावरची ‘उन्हाळी’ अंगावर काढू नका

नांदेड-लातूरकडे लघवीला जळजळ सुरू झाली की ‘उन्हाळी लागली’ असे म्हणतात. मग धण्याचे पाणी, सब्जा, ताक असे उपाय सुरू होतात. मे महिन्यात पाणी कमी प्यायल्याने जळजळ होत असेल, तर त्याने आराम पडतोही. पण पन्नाशीच्या बाईला हाच त्रास थंडीतही होत असेल आणि औषधाने बरा होऊन पुन्हा उलटत असेल, तर दोष उन्हाचा नाही. अनेकदा त्याचे मूळ पाळी थांबण्यात असते.

भारतात साधारण 46-47 व्या वर्षी पाळी थांबते. त्या सुमारास इस्ट्रोजेन हे हार्मोन झपाट्याने कमी होते. योनीमार्ग आणि मूत्रमार्गाचे अस्तर याच हार्मोनवर पोसले जाते. ते कमी झाले की अस्तर पातळ व कोरडे पडते. योनीमार्गात आम्लता टिकवणारे उपयुक्त जिवाणू घटतात आणि आतड्यातील जंतूंना मूत्रमार्गाकडे वाट मिळते. त्यातून कोरडेपणा, खाज, जळजळ, लघवीची घाई, शरीरसंबंधाच्या वेळी वेदना आणि वारंवार जंतुसंसर्ग हे त्रास उद्भवतात. अंगातून वाफा येणे काळानुसार कमी होते. हा त्रास मात्र उपचार न केल्यास बहुधा वाढत जातो.

मराठवाड्यात आणखी एक बाब आहे. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यात गर्भपिशवी काढलेल्या हजारो महिला आढळल्या. पिशवीबरोबर अंडाशयही काढले, तर तिशी-चाळिशीतच इस्ट्रोजेन एकदम घटते आणि हे त्रास लवकर गाठतात.

यावर प्रभावी उपचार आहे. योनीमार्गात लावायचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेन क्रीम किंवा तिथेच ठेवायची गोळी. 1993 मध्ये इस्रायलमधील 93 महिलांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या या महिलांना वारंवार मूत्रसंसर्ग होत असे. इस्ट्रिऑल क्रीम लावणाऱ्या गटात संसर्गाचे प्रमाण वर्षाला सरासरी 0.5 वर आले, तर औषधविरहित क्रीम लावणाऱ्या गटात ते 5.9 होते. म्हणजे दरवेळी नवे अँटिबायोटिक घेण्यापेक्षा मूळ कारणावर उपचार करणे शहाणपणाचे.

क्रीम साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा लावतात. फरक जाणवायला काही आठवडे लागतात. थांबवले की त्रास परतू शकतो.

‘हार्मोन म्हणजे कॅन्सर’ ही भीती बऱ्याच अंशी 2002 मधील अमेरिकी अभ्यासातून आली. तो पोटात घेण्याच्या, दोन हार्मोन एकत्र असलेल्या गोळ्यांचा होता. क्रीममधील औषध रक्तात फारच कमी उतरते. त्याच प्रकल्पातील महिलांची पुढची माहिती 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात योनीमार्गातील इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांमध्ये स्तनाचा वा गर्भाशयाचा कर्करोग किंवा हृदयविकार वाढलेला दिसला नाही.

तरीही हे औषध मनाने आणून लावू नये. पाळी बंद झाल्यावर थोडाही रक्तस्राव झाला, तर आधी तपासणी हवी. स्तनाचा कर्करोग झालेल्या महिलांनी कर्करोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. लघवीची तपासणी व कल्चर करावे, रक्तातील साखरही पाहावी, कारण मधुमेहातही असा संसर्ग वारंवार होतो. हार्मोन नको असल्यास योनीमार्गासाठीची मॉइश्चरायझर व वंगण जेल कोरडेपणावर उपयोगी पडतात.

नांदेडला विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत स्त्रीरोग विभाग आहे. अडचण येते ती बोलण्याची. सोबत मुलगा किंवा दीर असला की बाई फक्त ‘जळजळ होते’ एवढेच सांगते. त्यामुळे शक्यतो लेक, सून किंवा बहीण सोबत न्यावी, अथवा डॉक्टरांशी एकटीने बोलावे. पाळी कधी गेली, पिशवी काढली आहे का, वर्षभरात किती वेळा संसर्ग झाला आणि कोरडेपणा आहे का, या चार गोष्टी सांगितल्या तरी निदान सोपे होते. वयाबरोबर हे चालायचेच, असे म्हणून सोसत राहण्याची गरज नाही.