चिपमधला 'स्टॅक' म्हणजे काय? त्याची जागा आधीच का राखून ठेवतात?

हॉस्पिटलमधला औषध थेंबाथेंबाने सोडणारा इन्फ्युजन पंप असो की ड्रोन, आतली छोटीशी चिप एकाच वेळी अनेक कामं सांभाळत असते. कुठलं काम कधी करायचं हे ठरवते रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजेच आरटीओएस. फ्रीआरटीओएस ही त्यातली मोफत मिळणारी आणि भरपूर वापरली जाणारी सिस्टीम.

यातल्या प्रत्येक कामाला 'टास्क' म्हणतात. प्रत्येक टास्कला स्वतःचा 'स्टॅक' लागतो. अर्धवट राहिलेले हिशेब, फंक्शन संपल्यावर परत कुठे जायचं त्याचा पत्ता, हे सगळं तिथे ठेवलं जातं.

जागा मिळते कशी?

एक मार्ग म्हणजे सिस्टीम सुरू झाल्यावर सामायिक मेमरीतून जागा मागायची. पण काही लोकप्रिय चिप्समध्ये रॅम असते जेमतेम २० केबी! ऐनवेळी जागा मिळालीच नाही तर?

दुसरा मार्ग 'स्टॅटिक'. प्रोग्राम तयार करतानाच स्टॅकसाठी ठरावीक आकाराचा अ‍ॅरे राखून ठेवायचा. रॅम कमी पडली तर प्रोग्राम तयारच होत नाही, म्हणजे चूक इंजिनिअरच्या टेबलावरच पकडली जाते. फ्रीआरटीओएसमध्ये ही सोय २०१६ मध्ये आलेल्या ९.० आवृत्तीपासून आहे.

मात्र हा अ‍ॅरे ग्लोबल किंवा स्टॅटिकच हवा. फंक्शनच्या आत साधा लोकल अ‍ॅरे घेतला, तर फंक्शन संपताच ती जागा दुसऱ्या कुणाच्या तरी वापरात जाते. नवखे हमखास फसतात ते आकारात: फ्रीआरटीओएस स्टॅक बाइटमध्ये नाही, 'वर्ड'मध्ये मोजते. ३२ बिटच्या चिपवर १२८ लिहिलं की मिळतात ५१२ बाइट.

तरीही स्टॅक भरला तर?

शेजारच्या मेमरीवर अतिक्रमण होतं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात टोयोटा कॅमरीच्या खटल्यात हा मुद्दा गाजला. स्टॅकचा वापर ४१ टक्के असल्याचं कंपनीचं म्हणणं होतं, तर तज्ज्ञ साक्षीदार मायकेल बार यांच्या मते तो ९४ टक्के होता.

हे मोजायची युक्ती मजेशीर आहे. सुरुवातीला स्टॅकच्या प्रत्येक बाइटमध्ये १६५ हा आकडा भरून ठेवतात. नंतर तो किती बाइटमध्ये शाबूत आहे ते पाहिलं की कळतं, किती जागेला कधीच हात लागला नाही. अर्थात, चाचणीत जो कोड चाललाच नाही त्याचा हिशेब यात येत नाही. त्यामुळे क्वचितच लागणारे एरर मेसेजही मुद्दाम छापून पाहावे लागतात, कारण मजकूर छापणारी फंक्शन्स स्टॅक भरपूर खातात.