तिथीची पाऊणपट

हिंजवडीतल्या शाळकरी मुलांना समुद्रातले जीव दाखवायला पहिल्यांदा अलिबागला नेले, तेव्हा तारीख मी बसच्या सोयीने ठरवली होती. नेमकी अष्टमी निघाली. दुपारी ओहोटी लागली खरी, पण भांगाची. पाणी जेमतेम हटले, खडक बुडालेलेच. मुलांनी भेळ खाल्ली आणि आम्ही परतलो.

तेव्हापासून पहिला तास भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा असतो. किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा : तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ तासांत मिळते. तृतीयेला सव्वादोन, त्याआधी सहा तास, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमारास ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून हा पाऊण तास. हिशेब ढोबळच, अर्धा तास इकडेतिकडे होतो.

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात आणि उधाण येते. त्याचा जोर पुढचे एक-दोन दिवस टिकतो. तेव्हा या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरवर जातो. खडक उघडे पडतात. शिंप घट्ट मिटून आत पाणी धरून बसलेली कालवे, शंख पाठीवर घेऊन फिरणारा खेकडा, बोट लागताच मिटणारे समुद्रफूल, सारे तेव्हाच दिसते.

आता रविवारी येणारी द्वितीया-तृतीया मुलेच शोधतात. बस पहाटे तीनला काढावी लागते. एवढ्या लवकर कशाला, असे पालक विचारतात. तेव्हा गुणाकार तीच करून दाखवतात.