दहा मिलिमीटरचं कातडं

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत पॉलिश पेपर, बारीक कानस, कटरची पाती आणि फेविक्विकची ट्यूब हे सगळं दहा मिनिटांत मिळतं. दुकानदाराला वाटतं, घरात चप्पल तुटली असेल, नाहीतर पोराचं खेळणं. हे सामान हजारो रुपयांच्या क्यूच्या, म्हणजे स्नूकरच्या काठीच्या, टोकाला कातड्याची एक चकती बसवण्यासाठी आहे, असं सांगितलं तर तो फार तर भुवई उंचावेल. चकती शर्टाच्या बटणाएवढी. स्नूकरच्या क्यूला ती साधारण साडेनऊ-दहा मिलिमीटर व्यासाची लागते, पूलच्या क्यूला तेरा मिलिमीटरच्या आसपास. पुण्यातल्या पूल पार्लरपासून भांडारकर रस्त्यावरच्या पीवायसी हिंदू जिमखान्यापर्यंत आणि कॅम्पातल्या पूना क्लबापर्यंत सगळीकडे तिला एकच नाव आहे, टिप.

स्नूकर आपल्याकडे बाहेरून आलेला खेळ, हा समज निम्माच खरा. 1875 साली पावसाळ्यात जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडूंची भर घातली. पुढे 1880 च्या दशकात उटीच्या क्लबात त्याचे नियम पक्के झाले. वूलिचच्या लष्करी अकादमीत नवख्या पोराला ‘स्नूकर’ म्हणत. एका अधिकाऱ्याचा सोपा फटका हुकला तेव्हा चेंबरलेनने त्याला तेच नाव ठेवलं आणि ते खेळाला चिकटलं. थोडक्यात, मध्य प्रदेशातल्या मुसळधार पावसाने बाहेर पडू न दिलेल्या लोकांचा हा उद्योग.

पुण्याचं या टेबलाशी नातंही जुनं आहे. विल्सन जोन्स 2 मे 1922 रोजी पुण्यात जन्मले. 1958 मध्ये कोलकात्यात त्यांनी जागतिक हौशी बिलियर्ड्स अजिंक्यपद जिंकलं. स्वतंत्र भारताचा कुठल्याही वैयक्तिक खेळातला तो पहिला जगज्जेता. 1964 मध्ये न्यूझीलंडला त्यांनी हा किताब पुन्हा मिळवला. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या बिलियर्ड्स हॉलला आज त्यांचं नाव आहे. पुण्यात मात्र खेळाडूंच्या वर्तुळाबाहेर ते विचारलं तर बहुतेक जण आठवू लागतात. बिलियर्ड्स-स्नूकरपटू पंकज अडवाणींचा जन्मही 1985 सालचा, पुण्यातलाच. ते वाढले कुवेत आणि बंगळुरूमध्ये, त्यामुळे त्यांच्यावर हक्क सांगताना पुणेकरांनी आवाज थोडा खाली ठेवलेला बरा.

बिलियर्ड्समध्ये साध्या कॅननला, म्हणजे आपला चेंडू बाकीच्या दोन्ही चेंडूंना लागला तर, दोन गुण, चेंडू खिशात घातला तर दोन किंवा तीन. 1978 साली मुंबईच्या मायकेल फरेरांनी सलग फटक्यांत 1149 गुणांचा ब्रेक केला, 1992 मध्ये गीत सेठींनी 1276 गुणांचा. भागाकार करून पाहिला तर एका ब्रेकमध्ये त्या कातड्याने चेंडूला काही शे वेळा स्पर्श केला असणार, आणि त्यातला एकही स्पर्श निसटलेला नाही. टिपबद्दल एवढं बोलायचं कारण हेच. साधारण पावणेपाच फुटांचा, अर्ध्या किलोचा क्यू खेळाडूच्या हातात असतो. चेंडूला लागतं ते मात्र फक्त कातडं. ती भेट एक ते दोन हजारांश सेकंदांत संपते.

हे कातडं क्यूला आलं कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत क्यूचं टोक नुसत्या लाकडाचं असायचं. चेंडूच्या मध्यापासून जरा बाजूला मारायला गेलं की लाकूड घसरायचं. फ्रेंच पायदळातला कॅप्टन मिंगो 1807 च्या सुमारास कैदेत होता. तुरुंगात बिलियर्ड्सचं टेबल होतं आणि वेळ तर भरपूर होता. त्याने टोकाला कातडं बसवलं आणि चेंडू ऐकू लागला: मागे यायला, वळायला, थांबायला. सुटकेची वेळ आली तेव्हा त्याने सराव पुरा करण्यासाठी आणखी काही दिवस आत राहू द्या अशी विनंती केली, अशी आख्यायिका आहे. खरी असो-नसो, टेबलाचा नाद लागलेला कुठलाही माणूस ती खोटी मानणार नाही.

कातड्यापाठोपाठ खडू आला. इंग्लंडमधल्या बाथ शहरात जॅक कार नावाचा मार्कर, म्हणजे टेबलावर गुण लिहिणारा, ‘फिरकीचा खडू’ म्हणून साध्या खडूची पूड विकायचा. गुण खडूचा कमी आणि त्याच्या मनगटाचा जास्त होता. धंदा मात्र झाला. आज टेबलाच्या कडेला दिसणारा निळा-हिरवा ठोकळा तर खडूच नव्हे. 1897 मध्ये विल्यम स्पिंक्स या खेळाडूने विल्यम हॉस्किन्स या रसायनतज्ज्ञाबरोबर त्याचं पेटंट घेतलं. त्यात सिलिका आणि कुरुंदासारखे खरखरीत कण असतात. धार लावायचा दगड ज्या कुरुंदाचा असतो, तोच हा.

खडू लावलेलं कातडं आणि चेंडू यांच्यातलं घर्षण पुरेसं असेल तर चेंडूच्या मध्यापासून त्रिज्येच्या साधारण निम्म्या अंतरापर्यंत मारता येतं. स्नूकरचा चेंडू 52.5 मिलिमीटरचा, म्हणजे मध्यापासून सुमारे तेरा मिलिमीटरपर्यंत मुभा. त्यापलीकडे गेलं की टिप सरकते, ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो आणि शेजारच्या टेबलावरचेही वळून बघतात. हा मिसक्यू. टिप गुळगुळीत, चपटी किंवा सैल असेल तर ही मुभा आणखी आक्रसते, आणि बिचारा खेळाडू आपली शैली सुधारत बसतो.

टिपा निरनिराळ्या मिळतात. शिकागोच्या ट्वीटेन फायबर कंपनीची निळसर ‘एल्क मास्टर’ ही जुनी, एकाच थराची, मऊ. जपानच्या ‘कामुई’च्या टिपा डुकराच्या कातड्याचे पातळ थर एकावर एक दाबून केलेल्या. थरांच्या टिपा आकार जास्त दिवस धरतात. पण एकेरी कातड्याचा हाताला कळणारा मऊपणा पुष्कळांना सोडवत नाही. हा वाद अमृततुल्याच्या चहावरच्या वादासारखा आहे, मिटत नाही.

आता डिंकाकडे वळू, कारण टिप उडाली की पहिली शिवी त्यालाच बसते. पूर्वीच्या कारागिरांचा भरवसा सरसावर होता: जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला, गरम करून लावायचा गोंद. कातड्याला कातड्याचाच अर्क चिकटवायचा, यात एक तर्कही होता. पुढे आले सायनोॲक्रिलेट, म्हणजे आपल्या घरातलं फेविक्विक. अमेरिकेत 1942 साली हॅरी कूव्हर आणि त्याचे सहकारी बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत असताना हा पदार्थ हाती लागला. ज्याला त्याला चिकटतो म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. 1958 मध्ये तोच दोष गुण म्हणून बाजारात आला.

हा डिंक वाळत नाही, हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्यामुळे घट्ट होतो. पुण्यात याचा अर्थ सरळ आहे. एप्रिलच्या कोरड्या दुपारी तो रेंगाळतो, जुलैत टिप मध्यावर आणेपर्यंतच पकडतो. शिवाय तो कडक पण ठिसूळ असतो. ताण झेलतो, हादरे फारसे सोसत नाही. पातळ प्रकार कातड्यात झिरपून त्याचा तळ दगडासारखा करतो, म्हणून जाणकार जेल प्रकारातली ट्यूब घेतात. काही जण चप्पल-बूट आणि सनमायकासाठी वापरतात तो रबरी सोल्यूशनसारखा डिंक पसंत करतात: दोन्हीकडे लावायचा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, मग दाबायचं. तो लवचिक असतो, पण थर जाड झाला तर टिप हलल्यासारखी वाटते.

तरीही टिप निघते ती बहुतेकदा डिंकामुळे नाही. निघते ती खालचा पृष्ठभाग सपाट नसल्यामुळे.

क्यूच्या टोकाला पितळेचं टोपण असतं, फेरूल. मराठीत काठीला जी शेंबी असते तीच ही. पुष्कळ क्यूंमध्ये ती दोन्ही बाजूंनी उघडी नळी असते. टिप बसते ती मध्ये ॲश लाकूड आणि भोवती पितळेची कड, अशा जोडजागेवर. पावसाळ्यात लाकूड फुगून केसभर वर येतं, उन्हाळ्यात केसभर खाली बसतं. पितळ असतं तिथेच असतं. भर म्हणून आडव्या कापलेल्या लाकडाचे उघडे रेषे डिंक पिऊन टाकतात. वरून चकती छान बसलेली दिसते, आत मात्र अर्ध्याच जागेत पकड असते. तिसऱ्या दिवशी जोराचा ब्रेक मारला की चकती टेबलाखाली.

म्हणून कामाचा निम्मा वेळ डिंकाची ट्यूब उघडण्याआधी जायला हवा. जुनी टिप पात्याने कापायची, ओढून उपटायची नाही. ओढली तर लाकडाचे रेषेही सोबत येतात. उरलेला डिंक खरवडायचा. ॲसिटोनने तो विरघळतो, पण क्यूचं पॉलिशही विरघळतं, तेव्हा कापसाचा बोळा टोकापुरताच. मग टोक घासायचं. इथे घाई करणारा क्यू हातात धरून वरून कानस फिरवतो, आणि हमखास कडा उतरतात, मध्यावर टेकडी राहते. त्यापेक्षा काचेवर किंवा फरशीवर पॉलिश पेपर पसरावा, क्यू उभा धरावा आणि हलकेच फिरवावा. पारखायची रीत जुनीच: टोकावर स्टीलची पट्टी ठेवून उजेडाकडे बघायचं. फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासायचं. चकतीचा तळही त्याच कागदावर घासायचा, तिथल्या चकचकीत थरावर डिंक बसत नाही. टिप शेंबीपेक्षा किंचित मोठी घ्यायची; लहान निघाली तर इलाज नाही.

डिंक एक थेंब. दोन थेंब म्हणजे बाहेर आलेला फेस आणि पितळेवरचे पांढरे डाग. टिप ठेवून क्यूच्या अक्षात बघत मध्यावर आणायची, मग क्यू उलटा करून स्वतःच्या वजनाने जमिनीवर दाबून धरायचा. ट्यूबवर काही सेकंद लिहिलेले असतात. ते चिनी मातीच्या कपासाठी ठीक आहेत. क्यूला अख्खी रात्र द्यावी.

दुसऱ्या दिवशी शेंबीला चिकटपट्टी गुंडाळायची, क्यू लाकडी पाटावर उलटा धरायचा आणि बाहेर आलेलं कातडं धारदार पात्याने खाली कापत जायचं. बाजू किंचित ओली करून कातड्याच्याच तुकड्याने घासली की कडक आणि तुकतुकीत होते; मग टिप मार खाऊन छत्रीसारखी पसरत नाही. शेवटी घुमट. 2011 च्या मालिकेतल्या एक रुपयाच्या नाण्याचा व्यास सुमारे 22 मिलिमीटर आहे. ते टिपच्या मागे धरलं आणि दोन्ही गोलावे जुळले, तर आकार बहुतेकांना चालेल असा झाला.

जुन्या क्लबांमध्ये हे सगळं मार्कर करायचे. गुण लिहिणं, कापडाला ब्रश आणि इस्त्री करणं आणि सभासदांच्या क्यूंना टिपा लावणं, हे एकाच माणसाचं काम असे. कुणाचा क्यू कुठे वाकलाय, कोण खडू लावायला विसरतो, हे त्याला पाठ. चषकांच्या फळीवर सभासदांची नावं सोनेरी अक्षरांत असतात. त्यांच्या क्यूची सपाटी राखणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत नाही. हा अन्याय आहे, आणि तो कमी खर्चात दूर करता येण्यासारखा आहे.

मोठमोठ्यांनाही टिप सोडत नाही. जानेवारी 2017 मध्ये लंडनला मास्टर्स या स्नूकर स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात मार्को फूविरुद्ध खेळताना रॉनी ओ’सुलिव्हनची टिप निकामी झाली. सामना अर्ध्यात, टिप कोरी. कातडं अजून घट्ट झालेलं नाही, खडू नीट धरत नाही, चेंडू कुठे थांबेल याचा अंदाज नाही. तो 6–4 जिंकला आणि पुढे स्पर्धाही जिंकला. याच्या उलट गोष्ट स्टीफन हेंड्रीची. सातही जागतिक अजिंक्यपदं त्याने चाळीस पौंडांच्या एकाच क्यूने मिळवली, आणि 2003 मध्ये विमानप्रवासात तो क्यू मोडला. टिपा त्यावर कितीतरी येऊन गेल्या असतील. त्या बदलता येतात. लाकडाचं तसं नाही.

ओ’सुलिव्हनचं उदाहरण ऐकून कुणी सामन्याच्या सकाळी टिप बदलायला बसू नये. क्लबातली स्पर्धा रविवारी असेल तर नवी टिप निदान आधीच्या रविवारी लावा, मधले दिवस तिच्यावर शंभरेक साधे फटके रोज मारा, आणि जुनी टिप धडधाकट निघाली असेल तर ती क्यूच्या पेटीत ठेवून द्या.