तोंड उघडत नाही, पण सांधा ठीक आहे

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. बोटाखाली सरकतो तो जबड्याचा सांधा. तिथे दुखलं, तोंड उघडेनासं झालं, की संशय सांध्यावरच जातो. चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र आधी गालाच्या आत बघावं, कारण इथे खर्रा आहे. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी आली, तरी पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून मिळणारा खर्रा सुटलेला नाही. ‘सर्च’ संस्थेचं मुक्तिपथ अभियान २०१६ पासून दारूसोबत या तंबाखूशीही झुंजतं आहे.

सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साचतात. अस्तर पांढुरकं, ताठ होतं, तिखट सोसत नाही. एरवी दातांमध्ये स्वतःची तीन बोटं उभी मावतात. इथे हळूहळू एकही मावेनासं होतं. हा सबम्युकस फायब्रोसिस. गाल चाचपला की कडक पट्टे हाताला लागतात.

आता ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे. तो हाडं आणि दात दाखवतो, तंतू नाही. त्यामुळे तो स्वच्छ आला म्हणून रुग्णाला निर्धास्त करून घरी पाठवणं चूक आहे. तरी तो काढावाच: अडकलेली अक्कलदाढ, हाडातली गाठ, गिळताना टोचणारं लांबलेलं स्टायलॉइड हाड त्यात सापडतं. सांध्याच्या हाडाची शंका उरली तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. सांध्यातली चकती सरकली का, हे बघायला एमआरआयच लागतो, आणि गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या माणसाला मोठ्या शहरापर्यंत पाठवण्याआधी तो खरंच हवा का, याचा विचार व्हायला हवा.

काही ठिकाणी मात्र थांबायचं नाही. जखमेनंतर दातखिळी बसली तर धनुर्वात समजून थेट रुग्णालय गाठायचं, फोटो नंतर. खर्रा खाणाऱ्याचं तोंड काही आठवड्यांतच आखडलं, गालात न भरणारी जखम असली, तर कर्करोग चावण्याच्या स्नायूंत शिरलेला असू शकतो. अशा वेळी जबड्याचे व्यायाम देत महिने घालवणं जिवावर बेतू शकतं. बायोप्सी आणि कॉन्ट्रास्ट देऊन सीटी किंवा एमआरआय लगेच हवा.

या भागात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आहे का, हेही विचारावं. त्यात रक्तपुरवठा तुटून खालचा जबडा ठणकतो, हनुवटी बधिर होते. सुरुवातीला एक्स-रेत काही दिसत नाही; एमआरआयमध्ये अस्थिमज्जेतला बदल दिसतो. म्हणून तपासणीच्या चिठ्ठीवर सिकलसेल, खर्रा किती वर्षं आणि तोंड किती मिलिमीटर उघडतं, हे लिहावं. नुसतं ‘जबडा दुखतो’ लिहिलं, तर सांध्याचाच फोटो निघेल.