मुदतीतील कादंबरीलेखन आणि धृती

दिवाळी अंकासाठी ठरल्या मुदतीत कादंबरी पूर्ण करावयाची असलेले लेखक ‘चित्त लागत नाही’ म्हणून येतात व ब्राह्मी मागतात. अशा वेळी प्रथम धृतीचा विचार करावा, असे आम्हांस वाटते. चरकाचार्यांनी धृतीस नियमात्मिका म्हटले आहे. विषयांकडे धावणाऱ्या मनास तीच आवरते.

१८६६ साली रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्की यांनी ‘द गॅम्बलर’ ही कादंबरी लघुलेखिकेस सांगून २६ दिवसांत पूर्ण केली. मुदत चुकती, तर पुढील ९ वर्षांचे त्यांचे लेखन विनामोबदला छापण्याचा हक्क प्रकाशकास मिळणार होता. रात्री तयारी करावी व दिवसा ठरल्या वेळी मजकूर सांगावा, असा त्यांचा क्रम होता. त्यातील वेळेचा नियम घ्यावा, जागरण घेऊ नये. रात्रीजागरण रूक्ष व वातवर्धक आहे, आणि वायू हाच मनाचा नियंता होय.

म्हणून लेखकास पहाटेची निश्चित वेळ, रोजच्या मजकुराची मर्यादा, रात्री पादाभ्यंग व पुरेशी निद्रा सांगावी. मेध्य औषधाची योजना त्यानंतर. औषधविक्रेत्या बंधूंनीही बाटली देण्यापूर्वी ‘झोप किती होते?’ एवढे अवश्य विचारावे.