जांभळाचा रंग, उसाचा रस आणि आपली तब्येत



उसाचे कांडे सोलून ठेवले की थोड्या वेळात तपकिरी पडते. रसही काळवंडतो. उसात फिनॉल वर्गातली द्रव्ये असतात; पेशी फुटल्या की त्यांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन रंग गडद होतो. कारखान्यात चुना व गंधकाचा धूर देऊन रस निवळतात, त्यात हा रंग कमी करणे हाही एक हेतू असतो. पांढऱ्या साखरेत ही द्रव्ये जवळजवळ उरत नाहीत. गुळात थोडी राहतात, मळीत बरीच जातात.

धुऱ्यावरचे जांभूळ आणि रानातले करवंद यांतही याच वर्गाची द्रव्ये असतात. जीभ जांभळी करणारा रंग म्हणजे अँथोसायनिन. जीभ ओढणारा तुरटपणा म्हणजे टॅनिन. घरी पाहायचे असेल तर जांभळाचा रस पाण्यात घालून दोन वाट्यांत घ्या. एकीत लिंबू पिळा, रंग लाल खुलेल. दुसरीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, रंग निळसर-हिरवट होईल. रंगद्रव्य एकच, पण आंबट-खाऱ्यानुसार ते रूप बदलते.

या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. शरीरात अन्नाचे ज्वलन होताना काही उनाड कण तयार होतात. ते शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन हिसकावतात आणि पेशींची नासधूस करतात. अँटिऑक्सिडंट आपला इलेक्ट्रॉन देऊन त्यांना शांत करतात. आवळ्यातले क जीवनसत्त्व हेच काम करते, आणि आवळ्यात ते संत्र्याच्या कितीतरी पट असते.

मात्र काचेच्या नळीत जे घडते ते पोटात तसेच घडेल असे नाही. रंगद्रव्यांचा थोडाच भाग रक्तात उतरतो. म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्याने फळांच्या अशा शक्तीचा तक्ता २०१२ साली मागे घेतला. त्यातले आकडे जाहिरातीसाठी वापरले जात होते. फिनलंडमध्ये विडी-सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९९४ साली आले. बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता वाढलेला दिसला. तेव्हा फळ खावे, गोळ्यांच्या मागे लागू नये.

हे सांगण्याचे कारण मधुमेह. आपल्या भागातले अनेकजण तपासणीला नागपूरला रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे जातात, औषध लिहून आणतात, आणि घरी आल्यावर कोणीतरी सांगते, ‘जांभळाच्या बियांचे चूर्ण घ्या, गोळ्या सोडा.’ असे करू नका. प्राण्यांवरच्या प्रयोगांत बियांमुळे साखर उतरल्याचे दिसले आहे, हे खरे. पण ब्राझीलमध्ये रुग्णांना जांभळाच्या पानांचा काढा देऊन पाहिला, तेव्हा साखर उतरली नाही. चूर्ण घ्यायचेच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या. औषधाबरोबर साखर फार खाली गेली तर घाम, थरथर आणि चक्कर येते. जांभळाच्या सरबतात भरपूर साखर ओतून ते ‘औषधी’ म्हणून पिण्यातही अर्थ नाही.

मग या फळांचा उपयोग काय? उपयोग आहेच, पण औषध म्हणून नव्हे, आहार म्हणून. हंगामात उन्हाळ्यात करवंद, मृगाच्या सुमारास जांभूळ, हिवाळ्यात बोर आणि आवळा, असे मूठ-दोन मूठ फळ पोरांच्या हाती पडले तर बाजारच्या रंगीत गोळ्या-बिस्किटांपेक्षा केव्हाही चांगले. तंतू, जीवनसत्त्वे आणि ही द्रव्ये एकत्र मिळतात, पैसाही जात नाही.

पण त्यासाठी झाड जागेवर हवे. ऊस वाढवताना एकेक सरीसाठी आपण धुरे कोरत आणले आणि बोरी-जांभळी तोडल्या. जांभळीच्या सावलीत ऊस दबतो, ही तक्रार रास्त आहे. म्हणून ती वावराच्या मधल्या धुऱ्यावर न लावता नाल्याच्या काठी लावावी. पाणी साचणारी जमीन तिला चालते. करवंदाची दाट जाळी काटेरी कुंपण होते आणि गुरे आवरते. येत्या पावसाळ्यात प्रत्येक सभासदाने किमान एक जांभूळ आणि थोडी करवंदे लावावीत, आणि जुने झाड असेल तर त्याला कुऱ्हाड लावण्यापूर्वी घरातल्या लेकरांना एकदा विचारावे.