वजन उतरले, मूतखड्याचे काय?

स्थूलतेवरील शस्त्रक्रिया हा आता केवळ महानगरांतील धनिकांचा विषय राहिलेला नाही. मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखीने गांजलेल्या अनेकांना तिने नवे आयुष्य दिले आहे. मात्र वजनकाट्यावरचा आकडा समाधानाने खाली येत असतानाच काही रुग्णांना वर्षा-दोन वर्षांनी कुशीतून जांघेकडे जाणारी असह्य कळ गाठते आणि तपासणीत मूतखडा आढळतो.

वैद्यकशास्त्राला हा अनुभव नवा नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून अन्नमार्ग पुढे जोडण्याची शस्त्रक्रिया सुरू झाली. वजन झपाट्याने उतरे. परंतु मूतखडे आणि यकृताचे विकार इतके बळावले की ती पुढे सोडून द्यावी लागली. १९६६ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या डॉ. एडवर्ड मेसन यांनी प्रचारात आणलेली जठराची बायपास शस्त्रक्रिया पुष्कळच सुरक्षित ठरली. तरी खड्याचा प्रश्न सौम्य रूपात उरलाच. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी शस्त्रक्रिया झालेल्या ७६२ व्यक्तींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे सहा वर्षांत त्यांच्यापैकी ११ टक्के व्यक्तींना नव्याने खडे झाले. शस्त्रक्रिया न केलेल्या तितक्याच स्थूल व्यक्तींत हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास होते. जठराचा केवळ आकार लहान करणाऱ्या प्रकारांत अशी वाढ दिसली नाही. दोष वजन घटण्याचा नसून आतड्याचा मार्ग बदलण्याचा आहे, हे यावरून ध्यानी येते.

असे का व्हावे? पालक, बीट, बदाम, अळू अशा पदार्थांत ऑक्झलेट नावाचे द्रव्य असते. (अळूने घसा खवखवतो तोही त्याच्याच सूक्ष्म स्फटिकांमुळे.) एरवी आतड्यात त्याची अन्नातील कॅल्शियमशी गाठ पडते आणि न विरघळणारी ही जोडी शौचावाटे निघून जाते. बायपासनंतर स्निग्ध पदार्थ पुरते पचत नाहीत. ते कॅल्शियमला धरून चक्क साबणासारखे क्षार बनवतात. जोडीदार न मिळालेले ऑक्झलेट मग मोठ्या आतड्यातून रक्तात शोषले जाते, मूत्रपिंडात उतरते आणि तेथे कॅल्शियम भेटताच खडा जमू लागतो. त्यातच इवल्याशा जठरात पेलाभर पाणी एका दमात मावत नाही, लघवी कमी व दाट होते; खडा रोखणारे सायट्रेटही घटते.

येथेच एक घातक गैरसमज घर करतो. अहवालात ‘कॅल्शियम ऑक्झलेट’ हे शब्द वाचताच घरातील मंडळी रुग्णाचे दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद करतात. हाडे तर झिजतातच, शिवाय आतड्यातील ऑक्झलेटला अडविणारा पहारेकरीही नाहीसा होतो. इटलीतील पार्मा येथे वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर झालेल्या पाच वर्षांच्या अभ्यासात (२००२) कमी कॅल्शियम घेणाऱ्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडे झाले. पुरेसे कॅल्शियम, पण मीठ व मांसाहार बेताचा ठेवणाऱ्या ६० जणांत ही संख्या १२ होती. हे पुरुष शस्त्रक्रियेचे रुग्ण नव्हते. तत्त्व मात्र तेच. बायपासनंतर दिवसाला साधारण १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, शक्यतो सायट्रेट स्वरूपात, विभागून आणि जेवणासोबतच घ्यावे, असा सल्ला दिला जातो. लोहाच्या गोळीत व त्यात दोन तासांचे अंतर असावे.

‘आरोग्यदायी’ हिरव्या रसांविषयी तर विशेष सावधगिरी हवी. जुनी बायपास शस्त्रक्रिया झालेल्या एका ६५ वर्षीय महिलेने शरीरशुद्धीसाठी पालेभाज्यांच्या अशा रसांचा क्रम आरंभला आणि तिची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली, ही नोंद २०१८ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आहे. त्याआधी तिला दीर्घकाळ प्रतिजैविकेही दिली गेली होती. भाजीतला थोडा पालक आणि पेलाभर रस यांत महदंतर आहे. ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्याही शरीरात अंशतः ऑक्झलेटमध्येच रूपांतरित होतात. तळणाचे पदार्थ आवरते घेतल्यास कॅल्शियम साबणात वाया जात नाही.

पाणी जेवताना नव्हे, तर दोन जेवणांच्या मधल्या वेळात घोट-घोट करून, दिवसाकाठी दोन लिटरांहून अधिक लघवी होईल इतके प्यावे. त्यात लिंबू पिळल्यास सायट्रेट मिळते. पूर्वी खडा झालेला असल्यास ते शस्त्रक्रियेआधीच शल्यविशारदांना सांगावे, कारण शस्त्रक्रियेचा प्रकार त्यावरून ठरू शकतो. नंतर चोवीस तासांची लघवी साठवून तीतील ऑक्झलेट, सायट्रेट व कॅल्शियम मोजता येते. कळ उठल्यावर थंडी-ताप आला किंवा लघवी थांबली, तर मात्र सकाळची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे आणि कोणती शस्त्रक्रिया झाली होती, त्याचा कागद सोबत न्यावा.